पावसाचं पाणी, बदामाची पानं आणि ॲपिस्टोग्रामा

ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस हा पेरूकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातला, पानगळ साचलेल्या संथ ओहोळांतला मासा. नर जेमतेम ८ सेंमी, मादी ५. एक नर आणि दोन माद्यांना २४ × १२ × १५ इंचांची टाकी (सुमारे ७० लिटर) पुरते.

सगळा खेळ पाण्याचा; याला कमी क्षारांचं, मऊ पाणी मानवतं. अथणी-चिकोडीकडचं बोअरचं पाणी जड असेल, तर पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) उतरवायच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका; चार दिवसांत पीएच परत वर चढतो आणि त्या चढउतारानेच मासे खचतात. आधी जडपणा कमी करा. खानापूर-बेळगावात पाऊस भरपूर. पहिल्या दोन-तीन सरींत छत धुऊन निघू द्या, मग पिंप भरा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३०० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस मिसळून तो ९०च्या आसपास येतो. नुसतं पावसाचं पाणी मात्र नको: त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच अचानक कोसळतो आणि फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे जिवाणू थंडावतात.

तळाला बारीक वाळू, इंचभर. साधारण ७-८ किलो. हे मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतात, म्हणून टोकदार खडी नको. वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे, पाणी पुन्हा जड होणार.

देशी बदामाची आपोआप गळून तपकिरी झालेली ८-१० पानं गरम पाण्यात भिजवून घाला. हिरवी पानं सडतात आणि प्राणवायू खातात. गुहेसाठी नारळाची करवंटी, कडेला ३-४ सेंमीचं भोक. खोबरं पार खरवडून उकळा, नाहीतर दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते.

स्पंज फिल्टर ४-६ आठवडे चालवून अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्य झाल्यावरच मासे सोडा. नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन काढायचं औषध विसरू नका. तापमान २६ अंश. बेळगावच्या थंडीत हीटर हवाच. दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदला, पण त्याच मिश्रणाने.

मादी हळदीसारखी पिवळी होऊन करवंटीच्या तोंडाशी अडून बसली, की आत अंडी आहेत असं समजा. ती नरालाही हाकलते, म्हणून टाकीच्या दुसऱ्या टोकाला लाकूड-झुडपांचा आडोसा ठेवा. पिल्लं पोहू लागली की नुकतीच उबवलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून तीनदा, थोडी-थोडी.