डायलिसिसवर असाल तर पाण्याआधी मीठ मोजा

हीमोडायलिसिस, म्हणजे किडनी बंद पडल्यावर मशीनने रक्त गाळून साठलेलं पाणी काढणं, सुरू झालं की सगळे एकच सांगतात, पाणी कमी प्या. कसं, ते फारसं कुणी सांगत नाही. मी अजून मशीनवरच आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तेव्हा हे ‘कसं’ मीच लिहिते.

सुरुवात मिठापासून. रक्तातलं सोडियम वाढलं की तहान लागते आणि ते पुरेसं पातळ होईपर्यंत शरीर पाणी मागत राहतं. साधारण ८-९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की लिटरभर पाणी शरीरात धरून ठेवलं जातं. खारट खायचं आणि मग पाण्यावर संयम ठेवायचा, हा फुकटचा छळ आहे. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा, म्हणजे लहान चमचा सपाट भरून, आणि त्यात पाकिटातल्या खाण्यातलं मीठही आलं. मी सकाळीच त्याहून कमी मीठ छोट्या वाटीत काढते. माझ्या जेवणात त्या वाटीतलंच पडतं. सुरुवातीला सगळं बेचव लागतं. काही आठवड्यांत जीभ सरावते, खरंच.

पण मिठाला पर्याय म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. अशा बऱ्याच मिठांत पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी बंद असताना पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, तेही अनेकदा आधी काही जाणवू न देता. घरातलंच कुणीतरी बीपीला चांगलं म्हणून हे मीठ हौसेने घेऊन येतं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

आता पाणी. माझ्या डॉक्टरांनी दिलेला हिशोब असा: काल जेवढी लघवी झाली तेवढं, वर ५०० मिली. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यात चहा, दूध, सूप, बर्फ, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरायचं. मी सकाळी तेवढं पाणी बाटलीत भरते आणि दुसरं काही प्यायले की तेवढंच बाटलीतून ओतून टाकते. कागदावरच्या नोंदी मला कधी जमल्या नाहीत. बाटली खोटं बोलत नाही. तोंड कोरडं पडलं तर गार पाण्याने चूळ भरून टाकायची. मधुमेह असेल तर आधी साखर बघा, कारण साखर वाढली की तहान काही केल्या भागत नाही.

हे सगळं जमलं की नाही ते वजनकाटा सांगतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रोज एकाच वेळी, साधारण तशाच कपड्यांत वजन करा. मशीनने पाणी किती वेगाने काढावं यालाही मर्यादा आहे. वजनाच्या दर किलोमागे ताशी १३ मिलीच्या वर वेग गेला की धोका वाढलेला अभ्यासांत दिसला आहे. ६० किलोच्या माणसाला चार तासांत हे होतं जेमतेम ३.१ लिटर. चार किलो वाढवून गेलात की बीपी पडणार, पायात गोळे येणार. अशा दिवशी ‘लवकर सोडा’ म्हणण्याऐवजी ‘वेळ वाढवून मिळेल का’ असं विचारा. कंटाळा येतो, मान्य. पण हळू काढलेलं पाणी शरीर सोसतं. डायलिसिसच्या दोन पाळ्यांमध्ये दोन दिवसांची मोठी सुट्टी येते तेव्हा तर मीठ आणखी सांभाळा. त्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारी जास्त होतात.

ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचं ठरवलेलं वजन, ही दगडावरची रेघ नाही. तापाने, भूक मेल्याने अंगावरचं मांस उतरतं आणि काट्यावर वजन तेच दिसतं, कारण मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. डायलिसिसनंतरही पाय सुजलेले किंवा बीपी चढलेलं असेल तर ‘माझं ड्राय वेट कमी करायला हवं का?’ असं विचारा. उलट भूक सुधारली, प्रत्येक वेळी शेवटच्या तासाला गोळे येऊ लागले, तर ते वाढवायची गरज असू शकते. हा प्रश्न आपणच विचारायचा. गर्दीच्या पाळीत दुसऱ्या कुणाला सुचेलच असं नाही.

फॉस्फरसची बायंडर गोळी, म्हणजे अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी, जेवणाबरोबरच घ्या. रिकाम्या पोटी तिला धरायला काही नसतं. फिस्च्युलाच्या हातावर (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला हात) बीपीचा पट्टा नको, दुसरी कुठली सुई नको, घट्ट घड्याळ नको, आणि रोज सकाळी बोटं ठेवून तिथली थरथर तपासा.

ती थरथर थांबली, आडवं झाल्यावर धाप लागली, पायातली ताकद अचानक गेली किंवा ठोके चुकताहेत असं वाटलं, तर पुढच्या पाळीची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा आणि दारातच सांगा की मी डायलिसिसवर आहे, शेवटची पाळी अमुक दिवशी झाली.