खाऱ्या पाण्याचा टँक: मासे सोडण्याआधी गावाकडे होणाऱ्या या चुका टाळा

टँक भरला, मीठ विरघळलं, पाणी नितळ दिसायला लागलं की मासे आणायला हात शिवशिवतात. तिथंच घात होतो. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. समुद्री टँकचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि एवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त असतो. हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे असे दोन प्रकारचे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात. ती वस्ती तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. यालाच सायकलिंग म्हणतात. कापसाच्या वावरात टाकलेल्या खताचं नायट्रेट होतं तेही याच पद्धतीनं, त्यामुळे कास्तकाराच्या घरात ही गोष्ट लवकर कळायला हवी. पण नेमकी तिथूनच सगळ्यात मोठी चूक होते.

अमोनियासाठी युरिया टाकणं

सायकलिंग सुरू करायला टँकमध्ये अमोनिया लागतो आणि घरात युरियाची बॅग पडलेली असते. टाकू नका. युरिया म्हणजे अमोनिया नव्हे; तो आधी फुटावा लागतो. टेस्ट किटला युरिया दिसत नाही, म्हणून माणूस अजून चिमूट टाकतो, मग अजून एक, आणि काही दिवसांनी अमोनिया एकदम आभाळाला भिडतो. दुसरं कारण याहून महत्त्वाचं. २०१५ मध्ये सरकारनं देशात तयार होणारा सगळा युरिया नीम कोटेड करणं बंधनकारक केलं. हा निंबोळी तेलाचा थर कशासाठी? अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालण्यासाठी, म्हणजे नत्र जमिनीत जास्त दिवस टिकतं. पऱ्हाटीला ते हिताचं आहे. टँकमध्ये मात्र आपण ज्यांना वाढवायला बसलो, त्यांच्याच वाटेत आपण काटे पेरतो.

त्याऐवजी प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड घ्या. १०० लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर हेच रसायन असलं, तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. काहीच मिळालं नाही तर सोललेला कच्चा झिंगा जाळीत बांधून कुजू द्या. वास येईल, पण काम होईल. अमोनिया ४-५ पीपीएमच्या वर मात्र जाऊ देऊ नका.

बोअरच्या पाण्यावर भरवसा

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळातच खारं, म्हणून थोडं मीठ घातलं की झालं, असं वाटू शकतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात. भूजलात ते प्रमाण नसतं, खड्याच्या मिठातही नसतं. मरीन सॉल्टच, म्हणजे समुद्री टँकसाठी बनवलेलं तयार मीठच घ्या.

बोअरचा खरा धोका वेगळा आहे. खतांमुळे आणि गोठ्यांमुळे पुष्कळ ठिकाणी भूजलात आधीच नायट्रेट असतं. चौथ्या दिवशी किटवर नायट्रेट दिसलं की माणूस म्हणतो, सायकल झाली! ते नायट्रेट जिवाणूंनी केलेलं नसतं, बोअरमधून आलेलं असतं. म्हणून मीठ घालण्याआधी पाणी तपासा आणि आकडा लिहून ठेवा. नळयोजनेच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. तिचं क्लोरीन जिवाणू मारतं. आरओ प्लँटचा कॅन बरा, पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावून पाहा, कारण काही ठिकाणी चवीसाठी त्यात साधं पाणी मिसळतात.

बाष्पीभवनानं पाणी कमी झालं तर भर गोड्या आरओ पाण्याचीच. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं.

लाइन गेल्यावर

या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पंप थांबला की बंद डब्याच्या फिल्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि वस्ती मरू लागते. बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, शोभेचा लाइट नंतर. लाइन बराच वेळ गेली असेल तर फिल्टर तसाच चालू करू नका. डब्यातलं सडकं पाणी फेकून, आतली सामग्री टँकच्याच पाण्यात खंगाळून मग लावा.

माझ्या मते आपल्याकडे सायकलिंग दिवाळीनंतर सुरू करावं. हीटर लावून पाणी २६-२७ अंशांवर ठेवता येतं आणि मे महिन्याच्या ४५ अंशांपर्यंत वस्ती मुरलेली असते.

फवारणीची बादली

टँकची बादली, मग, पाइप वेगळे ठेवा आणि त्यांवर खूण करा. कीटकनाशकाची बादली कितीही घासली तरी टँकला लावायची नाही. झिंगे, खेकडे यांच्यासारख्या जिवांना बारीकसा अंशही पुरतो. फवारणी करून आलेल्या हातांनी पाण्यात काही करू नये.

अडलं कुठे?

पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका, बदलूही नका, आठवडाभरात निवळतं. दगडांवर तपकिरी थर आला तर तोही नेहमीचाच. अमोनिया उतरायचा थांबला तर पीएच पाहा. जिवाणू काम करताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरणारी ताकद, खातात; ती कमी झाली की पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात. १०० लिटरला चमचाभर, म्हणजे ६ ग्रॅम खायचा सोडा विरघळवून घातला तर अल्कलिनिटी सुमारे २ डीकेएचनं (हे तिचं माप) वाढते. नायट्राइट फार वाढलेलं असताना नायट्रेटचा आकडा खोटा, जास्त दिसतो. तेव्हा त्यावर काही ठरवू नका.

लाइव्ह रॉक (समुद्रातला, जिवाणू वसलेला दगड) म्हणून कोणी प्रवाळ विकत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळांना संरक्षण आहे. कोरडा दगड किंवा सिरॅमिक पुरतं.

२ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. मासे आणायच्या आदल्या दिवसापर्यंत जिवाणूंना अमोनिया देत राहा, आणि मोठा पाणीबदल करून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा. मग एक-दोन छोटे क्लाउन मासे सोडा, पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा, आणि पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी.