फ्लॅट बघायला जाताना नकाशा मागा

बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडीत जुनी कौलारू घरं पाडून अपार्टमेंट उठतात. त्यातले बरेच फ्लॅट भाड्याला लावायला किंवा पुढं विकायला घेतलेले असतात, आणि नकाशाही त्याच गिऱ्हाइकासाठी काढलेला असतो. स्वतः राहणाऱ्यानं तो नीट वाचून घ्यावा.

आधी क्षेत्रफळ. जाहिरातीतला दर बहुधा सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना, लिफ्टचा वाटा धरलेल्या क्षेत्रफळावर असतो. समजा १,०५० चौरस फूट, दर ४,०००, म्हणजे ४२ लाख. रेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवरच्या नियमन कायद्याच्या) व्याख्येतलं कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ७०० निघालं, तर दर पडला ६,०००. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट (पाइपांची उभी पोकळी) नाही. टेप घेऊन स्वतः मोजा.

बांधकाम चालू असताना, किंमत ४५ लाखांपर्यंत आणि बेळगावसारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५. पार्किंगचे पैसेही या किमतीतच धरतात. वरच्या ४२ लाखांवर साडेतीन लाख चढले, की ४२ हजारांचा कर २ लाख २७ हजार ५०० होतो!

आता छज्जा. इथला पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो, म्हणून त्या बाजूच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा हवाच. ब्रोशरमध्ये इमारत सपाट, चकचकीत दिसावी म्हणून तो नऊ इंचांवर आणतात. मग जुलैत पाणी चौकटीच्या फटीतून आत येतं, खिडकीखालचं प्लास्टर फुगतं. परगावच्या मालकाला त्याचं काय? ओल भाडेकरू सोसतो. कपडे वाळवायला परसू गेलं, तेव्हा छपराखालची ड्राय बाल्कनी बघा. डक्टमध्ये प्लंबर उतरेल एवढी जागा हवी. नाहीतर फुटलेला पाइप तसाच गळत राहतो.

हे सगळं महाग वाटून शेतातला बाँडवरचा (नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकलेला) गुंठा घेऊ नका. १,०८९ चौरस फूट हातात येतात, पण जमीन एन.ए. (बिगरशेती) नाही, म्हणून बँक गृहकर्ज देत नाही. ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद), उतारा कन्नडमध्ये असतो. तो बिल्डरच्या नव्हे, आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. रेरा प्रकल्पात करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही.

ताबा मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ओलीचे तारखेसकट फोटो काढा. बांधकामातला दोष ५ वर्षांच्या आत लेखी कळवला, तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.