निधी मागण्याआधी कंपनीच्या फाउंडेशनचा खर्च कसा वाचावा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या लहानशा संस्थेने काही वर्षांपूर्वी कोरडवाहू शेतकऱ्यांसाठीचा एकच प्रस्ताव, वरचे नाव तेवढे बदलून, चाळीस कंपन्यांना पाठवला होता. उत्तरे तीन आली आणि तिन्ही नकाराची होती. त्यांपैकी एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मात्र फोनवर स्पष्ट सांगितले, "तुमचं काम चांगलं आहे, पण आमचा कारखाना तुमच्या जिल्ह्यात नाही आणि शेतीत आम्ही आजवर पैसा घातलेला नाही. आमचा अहवाल आधी पाहिला असता तर तुमचा टपालखर्च वाचला असता." बोलणे लागले, पण चूक आमचीच होती. त्यानंतर आम्ही प्रस्ताव लिहिण्याआधी अहवाल वाचू लागलो. तेव्हापासून आम्ही वर्षाला चार-पाचच प्रस्ताव पाठवतो. ज्या दारांवर जायचे नाही ती आधी गाळणे हाच या वाचनाचा मोठा उपयोग आहे.

पैसा कोणत्या वाटेने येतो

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका तरी मर्यादेला पोहोचला असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. ही रक्कम कंपनी स्वतः खर्च करते, आपल्याच फाउंडेशनकडे वळवते किंवा बाहेरच्या संस्थेला देते.

कंपनीने पैसा स्वतःच्या फाउंडेशनकडे दिला असेल तर कंपनीच्या अहवालात बहुधा फाउंडेशनचेच नाव दिसते आणि पुढे तो कोणत्या संस्थेपर्यंत पोहोचला हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फाउंडेशनचा स्वतंत्र वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब शोधावा लागतो. तिथे सर्वांत आधी एक गोष्ट तपासावी: हे फाउंडेशन दुसऱ्या संस्थांना अनुदान देते, की स्वतःची माणसे गावात ठेवून स्वतःच काम करते? दुसऱ्या प्रकारच्या फाउंडेशनकडे निधीचा प्रस्ताव नेण्यात अर्थ नाही. फार तर त्यांच्या कामात आपल्या गावांची भर घाला, एवढी विनंती करता येते.

नावांवरूनही गोंधळ होतो. टाटा ट्रस्ट्सचा पैसा मुख्यतः टाटा सन्समधील सुमारे ६६ टक्के भागभांडवलावरच्या लाभांशातून येतो. त्यांचे देणे कलम १३५ च्या चौकटीत बसवून वाचू नये. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' हे नाव ऐकून काही कार्यकर्ते त्यालाही कंपनीचे फाउंडेशन समजतात. तो निधी २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने आलेला आहे, खाणधारकांना तो भरावाच लागतो आणि त्याचा कारभार जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीत चालतो. तिथे अर्ज करण्याची रीत पूर्ण वेगळी आहे.

कागद कुठे मिळतात

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या विभागात असतात. संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेले सीएसआरचे परिशिष्ट हा आपल्या कामाचा भाग. याबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये या परिशिष्टाचा नमुना आटोपशीर करण्यात आला आणि प्रकल्पनिहाय तक्ते त्यातून गेले. म्हणून २०२०-२१ आणि २०२१-२२ या वर्षांचे अहवाल मुद्दाम उघडावेत. त्यांत प्रत्येक प्रकल्पापुढे राज्य, जिल्हा, रक्कम आणि काम करणाऱ्या संस्थेचे नाव असा तपशील सापडतो. त्यानंतरच्या वर्षांसाठी कंपनीच्या संकेतस्थळावरील मंजूर प्रकल्पांची यादी पाहावी, कारण सीएसआर समितीची रचना, धोरण आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तिथे जाहीर करणे नियमाने बंधनकारक आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हा, विषय आणि कंपनी यांनुसार खर्च पाहता येतो. तिथली माहिती कंपन्यांनीच भरलेल्या विवरणांवर उभी असते, त्यामुळे ती एक-दोन वर्षे मागे असते. शिवाय बरीच रक्कम 'संपूर्ण भारत' अशा मोघम रकान्यात पडलेली असते. वाशीमच्या नावापुढे आकडा लहान दिसला म्हणून तिथे तेवढाच पैसा आला असे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि मोठा दिसला तरी तो एकाच रुग्णालयाच्या इमारतीचा असू शकतो.

नकाशा आधी पाहावा

कारखाना, खाण किंवा प्रकल्प जिथे आहे त्या परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे कायद्यातच म्हटले आहे. ही सक्ती नाही, पण व्यवहारात बहुतेक कंपन्या ते पाळतात, कारण आजूबाजूच्या गावांशी बरे संबंध ठेवणे ही त्यांचीही गरज असते. आता विदर्भाचे अकरा जिल्हे डोळ्यांपुढे आणा. कोळसा, सिमेंट, वीज, मँगनीज, लोहखनिज यांचे मोठे उद्योग चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया आणि अलीकडे गडचिरोली अशा पूर्वेकडील पट्ट्यात एकवटलेले आहेत. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन आणि तूर भरपूर, पण मोठे कारखाने त्या मानाने फार थोडे. परिणामी कोरपना किंवा राजुरा तालुक्यातील संस्थेला सिमेंट कंपनीचे दार चालत जाण्याइतके जवळ असते, तर दारव्हा किंवा मंगरूळपीरच्या संस्थेला 'आम्ही आपल्या परिसरातले' असे म्हणता येईल अशी कंपनी शोधूनही सापडत नाही.

मग पश्चिम विदर्भातील संस्थेने काय करावे? ज्या कंपन्यांचा व्यवसायच गावागावांत पसरलेला आहे, त्यांच्याकडे पाहावे: बँका, विमा कंपन्या, बियाणे व कृषी निविष्ठांच्या कंपन्या, सूतगिरण्या आणि कापड उद्योग. त्यांच्या दृष्टीने 'परिसर' म्हणजे एका धुराड्याभोवतीची दहा गावे नसतात. दुसरा धागा आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांचा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रीय कार्यक्रमात महाराष्ट्रातील चार जिल्हे आहेत आणि त्यांपैकी गडचिरोली व वाशीम हे दोन विदर्भातले आहेत. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना अशा जिल्ह्यांना पसंती देण्याच्या सूचना आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांच्या शाश्वततेविषयीच्या अहवालातही आकांक्षित जिल्ह्यांत केलेल्या खर्चाचा एक ऐच्छिक रकाना असतो. तो रकाना तीन वर्षे सलग भरलेला दिसला, तर त्या कंपनीला असे जिल्हे दाखवण्यात रस आहे असे समजावे. वाशीमच्या संस्थेने हे आपल्या पत्रात जरूर लिहावे. शेजारच्या यवतमाळच्या संस्थेला, दुःख कितीही सारखे असले तरी, तो आधार नाही.

विषयाचे नाव फसवे असते

कायद्याच्या सातव्या अनुसूचीत मान्य विषय दिले आहेत. आरोग्य, पोषण, पिण्याचे पाणी, शिक्षण, उपजीविका, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन असे ते विषय. 'शेती' असा सुटा विषय त्यांत नाही. त्यामुळे तेच कापूस उत्पादकांबरोबरचे काम एका कंपनीच्या यादीत उपजीविकेखाली, दुसरीच्या यादीत ग्रामविकासाखाली आणि तिसरीच्या यादीत मृद व जलसंधारण म्हणून पर्यावरणाखाली नोंदलेले असते. केवळ मथळे पाहून 'यांना शेतीत रस नाही' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रकल्पाचे नाव, गावांची नावे आणि काम करणारी संस्था या तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात, मगच मत बनवावे.

उलट बाजूही आहे. धोरणाच्या पानावर दहा विषय छापलेले असतात आणि तीन वर्षांच्या खर्चात दोनच दिसतात. अशा वेळी खर्चावर विश्वास ठेवावा. धोरण शक्य तितके ऐसपैस लिहून ठेवणे कंपन्यांच्या सोयीचे असते.

नव्या संस्थेसाठी खरी जागा किती

अहवालातील मोठा आकडा पाहून हुरळून जाणारे मी अनेक पाहिले आहेत आणि त्यांत मीही होतो. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या कंपनीचा तीन वर्षांचा नफा अनुक्रमे ६०, ७५ आणि ९० कोटी रुपये आहे. सरासरी ७५ कोटी, म्हणजे दोन टक्क्यांप्रमाणे दीड कोटी रुपये. यातून कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च कमाल ५ टक्के, म्हणजे साडेसात लाख रुपये, वजा होऊ शकतो. आता चालू प्रकल्प मोजा. बहुवर्षीय प्रकल्प सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि अशा जुन्या प्रकल्पांना १ कोटी १० लाख रुपये आधीच शब्द दिलेले आहेत असे धरा. उरले साडेबत्तीस लाख. गेल्या वर्षी कंपनीने बंधनापेक्षा जास्त खर्च केला असेल तर तो जादा खर्च पुढील तीन वर्षांत वळता करून घेण्याची मुभा तिला आहे, म्हणजे उरलेली रक्कमही आटू शकते. दीड कोटीच्या कंपनीकडे पन्नास लाखांचा प्रस्ताव नेणारी संस्था अहवाल न वाचता आलेली आहे, हे समितीला पहिल्या पानावरच कळते.

हाच हिशेब तीन-चार वर्षांसाठी केला की नफ्याची चढउतारही दिसते. सरासरी तीन वर्षांची असल्यामुळे नफा घसरल्याचा पूर्ण परिणाम सीएसआरवर सावकाश उतरतो. या वर्षी तोट्याची बातमी आली म्हणून लगेच दार बंद झाले असे नाही, पण तीन वर्षांच्या प्रकल्पाचा तिसरा हप्ता अडचणीत येऊ शकतो.

याच जोडीने एका संस्थेला सरासरी किती रक्कम दिली जाते आणि तीच संस्था किती वर्षे यादीत राहते, हे वहीत उतरवावे. दरवर्षी नव्या पंधरा संस्थांना तीन-तीन लाख देणारी कंपनी आणि चारच संस्थांना सलग चार वर्षे तीस लाख देणारी कंपनी यांच्याकडे जाण्याची तयारी वेगवेगळी हवी. पहिलीकडे शाळेतील प्रयोगशाळा किंवा पाण्याची टाकी असे एकदाच होणारे काम न्यावे. दुसरीकडे जागा मिळणे कठीण, पण मिळाली तर माणसे नेमून काम उभे करता येते. कार्यकर्त्यांच्या मानधनाचा प्रश्न इथेच येतो. वर सांगितलेली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासनासाठी आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. आपल्याकडील बऱ्याच संस्था ही मर्यादा स्वतःवर ओढवून घेतात आणि मग कार्यकर्त्यांना फुकट राबवतात.

हंगाम आणि आर्थिक वर्ष

कंपनीचे वर्ष मार्चमध्ये संपते, आपले मृगाबरोबर सुरू होते. सीएसआर समितीने आखलेला वार्षिक आराखडा संचालक मंडळाच्या मंजुरीला येईपर्यंत आणि पुढे करार होऊन पहिला हप्ता जमा होईपर्यंत पेरण्या होऊन गेलेल्या असतात. खरिपाशी निगडित प्रस्ताव म्हणूनच आदल्या वर्षीच्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कंपनीच्या टेबलावर असावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या फोनचा अर्थही समजून घ्यावा. खर्च न झालेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात आणि इतर असेल तर सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत जमा करावी लागते. त्यामुळे काही कंपन्या शेवटच्या दोन महिन्यांत लवकर खर्च होणाऱ्या वस्तूंची चौकशी करतात. त्यासाठी गावाची खरी गरज असलेल्या दोन-तीन वस्तूंची दरपत्रके तयार ठेवायला हरकत नाही. त्या गडबडीत तीन वर्षांचा कार्यक्रम मांडू नये.

पत्र लिहिण्याआधी

आपले कागद पूर्ण आहेत का, हे या टप्प्यावर पाहावे. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणीशिवाय संस्थेला हा निधी घेता येत नाही. प्राप्तिकर विभागाकडील १२अ आणि ८०जी नोंदणी लागते, आणि कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलाचा अर्ज रखडला असेल तर तेही आधी मार्गी लावावे, कारण करारावर सही कोणी करायची हा प्रश्न तिथे अडतो.

शेवटचे काम फोनचे. यादीतून आपल्यासारख्याच दोन संस्था निवडाव्यात, शक्यतो विदर्भातल्या, आणि त्यांच्या सचिवांशी बोलावे. 'त्यांनी तुम्हाला निधी कसा दिला' असे विचारले तर कौतुकच ऐकायला मिळते. त्याऐवजी दुसरा हप्ता कोणत्या महिन्यात आला, अहवाल इंग्रजीतच मागितला का, लाभार्थ्यांचे आकडे मधेच वाढवायला सांगितले का आणि कंपनीतला तो अधिकारी अजून त्याच जागी आहे का, हे विचारावे. आम्ही अशाच एका फोनवरून एक जवळजवळ तयार झालेला प्रस्ताव मागे घेतला: त्या संस्थेचा दुसरा हप्ता अकरा महिन्यांनी आला होता आणि तोवर कार्यकर्त्यांचे मानधन सचिवांनी घरचे सोने गहाण ठेवून दिले होते.