ताम्हिणी उतरायचा, वरंधा चढायचा: दोघांची एका दिवसाची राईड

पुण्याहून दोन गाड्यांवर दोघांनी एका दिवसात करायची राईड विचाराल तर माझं उत्तर ठरलेलंय. पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, महाड, मग वरंधा घाट चढून भोरमार्गे परत. अडीचशेच्या वर किलोमीटर होतात, पण दिवसात आरामात बसतं. उलटं करू नका. सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला, म्हणजे घाटात ऊन पाठीवर, हे दोन्हीकडून सारखंच; पण असं गेलात की माणगाव-महाडचा हायवे दुपारपर्यंत संपतो, उलटं गेलात तर तो संध्याकाळी येतो आणि सूर्य डोळ्यात घुसतो. आम्ही एकदा हौसेने उलटं केलं, संध्याकाळी ताम्हिणी चढायच्या आधीच हायवेला डोळ्यांतून पाणी, त्यात वर पोचेपर्यंत अंधार.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर, नोव्हेंबर. पाऊस संपलेला असतो पण हिरवं टिकून असतं. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा बरेचदा बंद ठेवतात, आणि रस्त्याची कामंही चालू असतात, त्यामुळे आदल्या दिवशी भोर नाहीतर महाडच्या कुणाला तरी फोन करून विचारा, मॅपवर विसंबू नका. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचा तो वेगळा, कारण घाटात रेंज जाते.

गाडीचं काही फार नाही. टायरची हवा, दोन्ही ब्रेक, क्लच केबल, चेन. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप, दोघांत एक पुरतो. पहाटे सहाला चांदणी चौक सोडा, साडेसहाला निघालात तरी पिरंगुटपर्यंत कंपन्यांच्या बसेस आणि डंपर सुरू झालेले असतात.

आता दोघांनी मिळून चालवायचं म्हणजे काय, तर जो हळू चालवतो तो पुढे. बास, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं. फास्टवाला पुढे गेला की मागचा त्याला गाठायच्या नादात आपल्या लायकीपेक्षा जोरात वळणं घेतो, आणि पडतो तो नेहमी मागचाच. घाटात शेजारी शेजारी चालवत गप्पा मारायच्या नाहीत, मधे पाच-सहा गाड्यांचं अंतर, आणि फाटा आला की मागचा आरशात दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं.

मुळशीच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं की एक चहा घ्या (याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांनी 1921 साली सत्याग्रह केला होता, पाण्याकडे बघताना एवढं तरी आठवावं). पुढे उतार. आमचा दोस्त पहिल्यांदा आला तेव्हा आख्खा उतार मागचा ब्रेक दाबून उतरला, मला मागून करपल्यासारखा वास आला म्हणून थांबवलं तर ड्रमला हात लावायची सोय नव्हती आणि पेडल पार खाली जात होतं, अर्धा तास गार होईस्तोवर बसलो. तेव्हा गिअर खाली ठेवा, दुसरा-तिसरा, इंजिनलाच गाडी धरू द्या, ब्रेक फक्त वळणाआधी, दोन्ही मिळून, आणि सोडून द्यायचा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग असतात, त्यांच्या मागे राहू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न आणि आपली डावी बाजू. समोरून एसटी आली तर ती वळताना आख्खा रस्ता घेते, तिची चूक नसते, तिची लांबीच तेवढी असते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

माणगाव ते महाड हा मुंबई-गोवा हायवे, बोअर आहे, उकडतं, जॅकेटची चेन उघडा, पाणी प्या आणि संपवा. महाडला जेवण, टाकी फुल, आणि वेळ असेल तर चवदार तळं बघून घ्या, 1927 चा सत्याग्रह झाला ते. दोनच्या सुमाराला बिरवाडीकडे वळा.

वरंधा ताम्हिणीपेक्षा अरुंद, वळणं घट्ट. चढताना वळणाच्या आधीच गिअर पाडून घ्या, मधोमध गाडी दम तोडायला लागली की क्लच दाबायची घाई होते आणि तिथेच पाय टेकवावा लागतो. वर वाघजाईच्या देवळापाशी कांदाभजी खायची, ती गरमच, उभ्याने, आणि हेल्मेट हातातच ठेवून, कारण तिथली माकडं आरशावर अडकवलेली पिशवी उघडतात, माझी भज्यांची पुडी कागदासकट गेली आणि वर तो माकड कठड्यावर बसून एकेक निवडून खात होता.

तिथून नीरा देवघरच्या पाण्याकडेने भोर, हा टप्पा मला सगळ्यात आवडतो, पण गुरं परतायची वेळ असते, वळणाआड म्हैस उभी आहे असं धरूनच चालवा. अंधार पडायच्या आत भोर गाठलं की कापूरहोळला हायवे लागतो. रविवार असेल तर कात्रजपर्यंत ट्रॅफिक, तिथे घाई करून मिळत काही नाही. घरी पोचल्यावर चेन गरम असतानाच पुसून तेल मारा, सकाळपर्यंत चांगलं मुरतं.