आधी शेपूट, मग रंग: पहिला गेको विकत घेताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गेको, म्हणजे पाळायची पाल, घरी आणायचा तर जात निवडताना मे आणि जुलै हे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवावेत.

क्रेस्टेड गेको मूळचा न्यू कॅलेडोनियाचा. त्याला २२ ते २६ अंश मानवतात, २८ च्या वर पारा गेला की त्रास सुरू होतो. ‘याला हीटर लागत नाही, नवख्यांसाठी बेस्ट’ असं दुकानदार सांगतो ते थंड हवेच्या गावात खरं. घोडबंदर रोडवरच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये मे महिन्याची दुपार ३४-३५ अंशांवर जाते. दिवसभर एसी चालवणार नसाल तर क्रेस्टेडचा नाद सोडा.

लेपर्ड गेकोला उष्णता चालते, त्याची पंचाईत जुलैत होते. त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते आणि पावसाळ्यात आपल्या घरात ती ८० च्या पुढे असते. टाकी दमट आणि शिवाय गार राहिली तर छातीत संसर्ग होतो: तोंड उघडं टाकून श्वास, नाकाशी बुडबुडे. जाळीचं झाकण, कोरडा तळ आणि चालू हीट मॅट (टाकीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) एवढ्यावर बहुतेकदा भागतं. पश्चिम आफ्रिकेतला फॅट-टेल गेको स्वभावाने असाच शांत असतो, त्याला ५० ते ७० टक्के आर्द्रता लागते, म्हणजे आपल्या हवेला तो जास्त जवळचा. मिळतो मात्र कमी.

कागदपत्रांचं आधीच बघून घ्या. टोके गेको वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; तो विकणं, पाळणं दोन्ही गुन्हा. येऊरच्या डोंगरातून उचललेली कुठलीही पाल घरात आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. लेपर्ड गेको अफगाणिस्तान-पाकिस्तानप्रमाणे वायव्य भारतातही आढळतो, म्हणून ‘परदेशी आहे, काही होत नाही’ या तोंडी हमीवर जाऊ नका. पैसे देण्याआधी ठाण्याच्या वनविभाग कार्यालयात विचारा आणि पिल्लू कोणाकडे, कधी जन्मलं ते बिलावर लिहून घ्या. डे गेकोसारख्या ‘साइट्स’च्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांखाली राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर दुकानदार विषय बदलू लागला की शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

दुकानात संध्याकाळी सातनंतर जा. हे प्राणी तिन्हीसांजेला जागे होतात. दुपारी निपचित पडलेला गेको आजारी आहे की झोपलाय, हे जाणत्यालाही पटकन सांगता येत नाही.

आता शेपूट. लेपर्ड आणि फॅट-टेल गेको चरबी शेपटीत साठवतात, त्यामुळे तब्येतीचं पासबुक तेच. शेपटीचा जाड भाग साधारण मानेइतका रुंद हवा. पेन्सिलीसारखी बारीक झालेली, कातडी लोंबणारी, कमरेची हाडं वर आलेली दिसली तर तो नुसता उपाशी असेल किंवा त्याला क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यांचा परजीवी लागला असेल. दुसरी शक्यता वाईट. तो विष्ठेतून पसरतो, साध्या फिनेलला किंवा ब्लीचला दाद देत नाही आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. म्हणून एकच डबा बघून थांबू नका, रांगेतले सगळे डबे बघा. एका जरी डब्यात काडी-शेपटीचा गेको असेल तर त्या दुकानातला गुबगुबीत गेकोही घेऊ नका: चिमटा तोच, पाण्याच्या वाट्या तिथेच धुतलेल्या, एकाने टाकलेला किडा दुसऱ्याच्या पुढ्यात. दया येते हे खरं, पण अशा प्राण्याला ‘वाचवायला’ विकत घेतलं की त्या जागी पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. गाजरासारखी, बुडाशी फुगलेली गुळगुळीत शेपूट मात्र आजाराची खूण नव्हे. तुटून नव्याने आलेली ती. निरोगी असेल तर अशा गेकोसाठी घासाघीस करायला हरकत नाही.

पोटाकडची बाजू बघायला एक सोपी युक्ती आहे. गेकोला पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला सांगा, डबा उचलून खालून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. प्रत्येक पायाला पाच, एकूण वीस बोटं मोजा. बोटाभोवती पांढुरकं कडं दिसलं तर ती न निघालेली कात. ती दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट झडतं. गुदद्वार कोरडं, स्वच्छ हवं; विष्ठा माखलेली असेल तर जुलाब आहेत. त्याच्या वर इंग्रजी व्हीच्या आकारात मेणचट ठिपक्यांची ओळ आणि खाली दोन फुगवटे दिसले तर तो नर. दोन नर एका टाकीत कधीच नको, आणि खरं तर दोन माद्याही नकोत.

मग त्याला चालवून बघा. पोट जमिनीपासून उचलून चालला पाहिजे. पाय बाकदार, पोट घासत चाललेला, खालचा जबडा मऊ किंवा वाकडा असेल तर कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्व कमी पडून हाडं ठिसूळ झालेली आहेत. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. डोळे टपोरे, दोन्ही सारखे उघडलेले हवेत. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळा पुसते. लेपर्डला पापण्या असतात आणि त्यांच्याखाली कातीचा तुकडा अडकून डोळा चिकटतो.

रंगाच्या मोहात दोन नावं लक्षात ठेवा. ‘एनिग्मा’ प्रकारात मेंदूशी निगडित दोष येतो. असा गेको मान वाकडी करतो, गोल गोल फिरतो, किडा समोर असून नेम चुकतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ पिवळाधमक दिसतो, पण त्याच रंगाच्या जनुकामुळे त्वचेत गाठी होतात. नवख्याने साधा ठिपक्यांचा घ्यावा. वजन किमान १५ ते २० ग्रॅम हवं. ३-४ ग्रॅमचं नुकतं जन्मलेलं पिल्लू स्वस्त पडतं, पण एखादा आठवडा खाणं चुकलं तरी सावरत नाही.

शेवटी तो तुमच्यासमोर खाताना बघा. किडा हलला की त्याने नजर लावून झेप घेतली पाहिजे. ‘आत्ताच खाल्लंय’ असं उत्तर मिळालं तर दोन दिवसांनी परत जा. रोज काय खातो तेही विचारा. नुसत्या मीलवर्मवर (एका भुंग्याच्या अळ्या) वाढलेला गेको घरी आल्यावर रातकिड्यांकडे ढुंकून बघत नाही. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा.

टाकी खरेदीच्या दोन दिवस आधी चालू झालेली हवी. तीन फूट बाय दीड फूट छान, त्याहून फार लहान घेतली तर गरम आणि थंड अशा दोन बाजू होतच नाहीत. गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २४ ते २७. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं उपकरण) लावू नका, पोट भाजतं. मे महिन्यात मॅट आपोआप बंद राहील. तेव्हा काम थंड बाजू टिकवण्याचं, म्हणून टाकी खिडकीपासून लांब आणि खालच्या फळीवर ठेवा. तळाला पहिले तीन महिने वाळू नको, साधा किचन टॉवेल घाला: विष्ठा स्पष्ट दिसते आणि पोटात वाळू साचत नाही. लपायला तीन जागा द्या, त्यातल्या एकीत ओलसर शेवाळ, कात टाकायला.

गेको आणताना भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात टिश्यू घालून आणा. गाडी उन्हात बंद करून वाशीच्या मॉलमध्ये शिरू नका, दहा मिनिटंही पुष्कळ होतात. घरी आल्यावर आठवडाभर हातात घ्यायचं नाही. आठ-दहा दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका, पाणी रोज बदला. घरातला कोणीही गेकोला शिवला की साबणाने हात धुवायचे, कारण साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जिवाणू. पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही.

सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर आधीच फोन करून शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे सगळेच दवाखाने हे बघत नाहीत. पहिल्या आठवड्यातली ताजी विष्ठा छोट्या डबीत घालून तपासायला द्या. दर रविवारी एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. २० ग्रॅमचा गेको १८ वर आला की ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू नका, डॉक्टरकडे न्या.