बाळासाठी गोधडी: शिवायची आणि शिकवायची

गोधडी पावसाआधीच शिवून घ्या. कोकणातल्या दमट हवेत थर ओलसर राहिले की कुबट वास धरतात. जुनी सुती लुगडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. नवं कापड न धुता घातलंत तर पहिल्याच धुण्यात ते आटतं नि चुण्या पडतात. सिंथेटिक साडी नकोच, थर सरकतात.

तीन फूट बाय अडीच फुटांचे चार थर पडवीत पसरा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. मग कडेकडून धावदोरा आत आत न्या, ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंततो. फार ओढू नका, कापड गोळा होतं.

बचत गटात नवख्यांना आधी रुमालाएवढा तुकडा द्या आणि दर दोन ओळींनी उलटून बघायला लावा. खालचा थर सुटलेला वरून दिसत नाही.